बाम, गोंद आणि ध्रुपद

२०१०च्या ‘दबंग’मधल्या गाण्यात मुन्नी स्वतःला झंडू बाम म्हणवते. बाम बनवणाऱ्या इमामीने आधी कायदेशीर नोटीस धाडली, मग तडजोड झाली आणि पडद्यावर मुन्नी झालेली मलायका अरोराच त्या बामच्या जाहिरातीत झळकली! २०१२च्या ‘दबंग २’मध्ये करीनाच्या गाण्यात फेविकॉल आलं.

इथे नावाची जागा महत्त्वाची: दोन्ही ब्रँड ध्रुपदात, म्हणजे गाण्याच्या परतून येणाऱ्या ओळींत आहेत. अंतऱ्यातलं नाव एकदाच येऊन जातं. ध्रुपदातलं दर अंतऱ्यानंतर परततं, आणि रिंगटोनसाठीही बहुधा तोच तुकडा कापतात. म्हणून बाईची ओळखही त्या वस्तूच्या कामाएवढीच उरते: बाम चोळायचा, गोंद चिकटवायचा. दोन्हीकडे बाईचा आवाज ममता शर्मांचा, पण बाजारात चालला तो पडद्यावरचा चेहरा. ध्रुपदातून ब्रँडचं नाव काढून पाहा, बाईच्या तोंडी काय उरतं ते कळेल.