मातीच्या घराचे पैसे, सिमेंटच्या खोलीत मुक्काम: पन्हाळा ते पांढरेपाणी

जुलैत पन्हाळा-पावनखिंड वाट चालणार असाल आणि वाटेत, खिंडीच्या अलीकडच्या पांढरेपाणी गावापर्यंत कुठे मुक्काम करणार असाल, तर मुक्कामाचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. बूट, पोंचो, टॉर्च तुमच्याकडे आहेत आणि दोन दिवस चालायची सवय आहे, असं धरून लिहितोय. पन्हाळा आणि मसाई पठार सोपं आहे, त्याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडेल. करपेवाडीच्या पुढे जंगलातला चिखल मात्र घोट्याच्या वर जातो. काठी न्या आणि अंधार पडायच्या आत तो टप्पा संपवा.

फसवणूक होते ती मुक्कामात. 'पारंपरिक मातीचं कौलारू घर' असं सांगून आमच्याकडून माणशी १,८०० रुपये घेतले. हाती आली सिमेंटच्या ठोकळ्यांची खोली. भिंतीला गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर, त्यावर वारली चित्रं. वारली ही डहाणू-पालघरकडची कला, इकडे शाहूवाडी तालुक्यातल्या भिंतीवर ती कधीच नव्हती. छपराला पत्रा आणि पुढच्या बाजूला दाखवण्यापुरत्या दोन ओळी कौलं. असल्या खोलीला एवढे पैसे अजिबात देऊ नका. खरं घर तिथून शंभर पावलांवर होतं. कुलूपबंद, आणि पश्चिमेची भिंत पोटासारखी पुढे आलेली.

ती भिंत पावसानं गेली असं गावात सांगतात. पाऊस तर तिनं आयुष्यभर सोसला होता. दीड-दोन फूट जाडीची मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिते आणि उघडीप मिळाली की सोडते. पाहुण्यांना चकचकीत दिसावं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते. माती मऊ पडते, गिलावा सुटतो, बोटानं ठोकलं तर पोकळ वाजतो आणि एके दिवशी निम्मी माती घेऊन खाली येतो. त्यात पाहुण्यांसाठी भिंतीला चिकटून संडास-बाथरूम बांधलं, तर पाइपाची एक बारीक गळती पायथ्याची माती विरघळवायला पुरते. बाथरूम हवंच, पण घरामागच्या परड्यात, घरापासून दहा-पंधरा फुटांवर आणि उताराच्या बाजूला. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा हवा. फार तर चुन्याचा.

चूल बंद झाली त्याचाही फटका बसतो. चुलीच्या धुरानं छपराची लाकडं, म्हणजे आढं, वासे, रिपा, काळी पडायची, त्यामुळे भुंगा-वाळवी दूर राहायची. गॅस आला, घरच्या बाईचे डोळे आणि छाती वाचली, ते चांगलंच झालं. पण मग लाकडाला काजूच्या टरफलाच्या तेलाचा हात द्यायला हवा. काजू आजरा-चंदगडला, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात पिकतो.

११ जुलै २०२५ ला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. यादीत किल्ला आहे, वाटेवरच्या वाड्यांतली घरं नाहीत. ती टिकतील की ठोकळ्यांची होतील, हे बऱ्याच अंशी मुक्कामाचा पैसा कुठल्या घरात जातो त्यावर ठरणार आहे.

म्हणून फोनवरच विचारा: यंदा कौलं चाळली का, म्हणजे उतरवून, झाडून परत रचली का? त्या घरात राहणारा माणूस लगेच सांगतो, कधी चाळली, किती फुटली, नवीन कुठून आणली. नुसता धंदा करणारा अडखळतो. पोचल्यावर कोनाड्यात हात घाला. मातीच्या भिंतीत तो कोपरापर्यंत आत जातो, ठोकळ्यांच्या भिंतीत कोनाडाच नसतो. भाकरी-आमटी-भात आणि सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, अंथरूण यांचा दर आधी ठरवा. पैसे रोख द्या आणि घरच्या मावशींच्या हातात द्या. मधल्या माणसाकडे दिले तर घरापर्यंत किती पोचतात ते कळत नाही.

घरात शिरताना बूट बाहेर काढा. त्यांच्या खाचा सारवणाची पपडी उचलतात. पन्नास जणांचा जथा एका रात्रीत अख्खा सोपा उकरून जातो आणि संततधारेत नवं सारवण नीट वाळत नाही. पाय भिंतीलगत धुऊ नका, ओले कपडे पडवीत टाका, भिंतीवरच्या खुंटीला नको.

या घरांसाठी खरंच काही करायचं असेल तर मे महिन्यात, मृगाच्या आधी या. कौलं चाळायला एक जाणता माणूस वर आणि हातोहात कौलं द्यायला तीन-चार जण खाली लागतात. एकेक पट्टा उतरवायचा, पालापाचोळा आणि शेवाळ झाडायचं, कुजलेली रीप बदलायची, तडकलेलं कौल वेगळं काढायचं आणि वळचणीपासून आढ्याकडे परत रचत जायचं. वर चढायची हौस करू नका. रीप सोडून पाय पडला की कौल फुटतं. खाली उभं राहून हात द्या.