पेल्यांचं काम आता माझ्याकडे नाही

बुधवार, रात्री

झोप येत नाहीये म्हणून उठून लिहायला बसले. दुपारी चर्चच्या ग्रुपवर पुढच्या तीन महिन्यांच्या ड्युट्यांचा फोटो आला. फुलं कोणाची, वाचन कोणाचं, दान कोण गोळा करणार, साऊंड कोण बघणार. आधी बिनचष्म्याचं बघितलं, मग चष्मा लावून बघितलं. प्रभुभोजनाच्या, म्हणजे उपासनेत सगळ्यांना ब्रेड आणि द्राक्षरस देतात त्याच्या, तयारीसमोर माझं नाव नाही. सेक्रेटरींच्या सूनबाईंचं आहे आणि तिच्याबरोबर यूथ ग्रुपच्या दोघी मुली. खाली पाळकसाहेबांनी लिहिलंय की ज्या ज्येष्ठ भगिनींनी आजवर सेवा केली त्यांना आता विश्रांती द्यावी असं कमिटीचं मत पडलं, प्रभू त्यांना आशीर्वाद देवो. त्याखाली आमेन, आमेन, आमेन, ओळीने. मी पण आमेन टाकलं, मग फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडत बसले.

कोणी माझ्याशी वाईट वागलेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते. सूनबाईंचा संध्याकाळी फोनही आला, सलाम मावशी, तुम्ही आता फक्त बसायचं, आम्ही सगळं करतो. इतक्या मायेने बोलली की मला पुढे काही सुचेना. म्हटलं बरं झालं गं, माझे गुडघे पण आता ऐकत नाहीत. गुडघ्यांचं खरंच आहे.

मग तरी हे काय होतंय मला.

काम तरी काय मोठं होतं. शनिवारी रस करायचा, द्राक्षांचा सीझन नसला की काळ्या मनुका रात्री भिजवायच्या, सकाळी उकळून कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. ब्रेडच्या कडा काढून बारीक चौकोन करायचे. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन टेबलावर पांढरं कापड घालायचं आणि पेले भरायचे, काचेचे, अंगठ्याएवढे, एका ट्रेत 40 बसतात. काठोकाठ नाही भरायचे, पाऊणच, कारण मागच्या बाकावर म्हाताऱ्या माणसांचे हात थरथरतात. उपासना संपली की सगळे बाहेर सलाम करत, बोलत उभे, आणि मी आत नळापाशी. कापडावर थेंब पडला असेल तर डाग वाळायच्या आत कापड पातेल्यावर ताणून धरायचं आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. आधी साबण लावला तर डाग बसला तो बसलाच. हे त्या मुलींना कोण सांगणार आहे देव जाणे.

बाहेरच्यांना वाटायचं बिचारी एकटीच आत राहते. मला ते एकटं राहणं हवं असायचं. एकेक पेला पुसताना मंडळीतलं एकेक नाव घ्यायचे मी, मनात. कोणाच्या पोराला नोकरी नाही, कोणाचं डायलिसिस चालू आहे, कोण घरातून तुटलंय. हे कोणाला कधी सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणून नव्हे, तशी वेळच आली नाही. आणि आता बघितलं तर मला जास्तीत जास्त लागलंय ते हेच. काम गेलं ते गेलं, पण त्या कामाच्या आत माझं एक होतं, ते पण त्यांनी नकळत उचलून नेलं. नावं घरी बसूनही घेता येतात, हे मला कळतं. रात्री जेवण झाल्यावर घ्यायला बसले होते तर चार-पाच नावांनंतर अडकले. हातात फडकं नव्हतं.

दात पडला की जीभ सारखी तिथेच जाते तसं चाललंय.

इतकी वर्षं वाटायचं की मी सगळ्यात खालची जागा घेतलीय. खुर्ची मागितली नाही, कमिटीवर उभी राहिले नाही, वार्षिक सभेत आभाराच्या यादीत नाव कधी येतं कधी राहतं, त्याचं मनाला लावून घेतलं नाही. खरंच नाही लावून घेतलं, देवासमोर सांगते. स्तोत्रात आहे ना, देवाच्या घराचा द्वारपाळ होऊन राहणं बरं, तसं मला नळापाशी बरं वाटायचं. आणि आज कळतंय की खालच्या जागेलाही माणूस मूळ धरून बसतं. तिथून कोणी उठवलं तर वरच्या जागेवरून उठवल्यासारखंच लागतं, किंवा जास्तच, कारण रुसायचीही सोय नाही. पेले धुवायला मिळाले नाहीत म्हणून कोणाकडे तक्रार करायची?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं ते वचन मला पाठ आहे, त्याची वृद्धी व्हावी आणि माझा ऱ्हास व्हावा हे अवश्य आहे. लहानपणी संडे स्कूलला म्हणून बक्षीस मिळवलंय त्याच्यावर. पण योहान हे म्हणाला ते प्रभूबद्दल. प्रभूसमोर कमी व्हायला माझं काही म्हणणं नाही. यूथच्या मुलींसमोर कमी व्हायचं, ज्यांना अजून कापडाला इस्त्री नीट करता येत नाही, ते मला जमत नाहीये. योहानाच्या शिष्यांनाही नेमकं हेच खुपलं होतं म्हणा, तुमच्याकडची माणसं आता त्याच्याकडे जाताहेत असं सांगायला ते आले होते.

सकाळपासून डोक्यात केडगाव येतंय (दौंडजवळचं, आपलं नगरचं नाही). महिला मंडळाची ट्रिप गेली होती पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला तेव्हाचं. रमाबाईंबद्दल आपण नेहमी काय बोलतो, तर 1878 ला कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं, 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली उचलून आणल्या. एवढी विदुषी आणि दुष्काळातल्या उवा पडलेल्या, फोड आलेल्या पोरींमध्ये राहिली, सेवा म्हणजे ही, असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणायचं काम करत बसल्या, तिथल्याच छापखान्यात मुलींनी टाईप जुळवले. पण आज माझ्या मनात येतंय ते वेगळंच. पुढे सगळं मनोरमाबाई बघणार असं ठरल्यासारखं होतं. एकुलती एक मुलगी, त्याच कामासाठी तयार केलेली. आणि ती आधी गेली, 1921 ला. रमाबाई त्यानंतर एक वर्षही राहिल्या नाहीत, एप्रिल 1922 मध्ये गेल्या. त्या मधल्या महिन्यांत त्या बाईने काय केलं असेल? स्वतःच्या हाताने विहिरी खणून घेतलेल्या, झाडं लावून घेतलेली, शेकडो मुली, तो छापखाना, आणि ज्या हातांत द्यायचं होतं ते हातच नाहीत. दुसऱ्यांच्या हातात सोडलं. मुक्ती आज शंभर वर्षांनंतरही चालू आहे. मी तिथल्या अंगणात उभी राहून त्यांच्या कष्टाचंच कौतुक करत होते, सोडण्याबद्दल मनात काही आलंच नव्हतं.

माझे तर काचेचे पेले आहेत. पण दुखायचं ते दुखतंच, मोठ्या माणसाचं मोठं बघून आपलं लहान दुखायचं थांबत नाही.

आता साडेबारा झाले. बायबल काढलं तेव्हा सहज म्हणून गणनाचं पुस्तक उघडलं, खरं सांगायचं तर झोप यावी म्हणून, त्यात नुसत्या याद्या आहेत अशी माझी समजूत. चौथ्या अध्यायात लेव्यांच्या, म्हणजे मंडपाच्या सेवेला नेमलेल्या वंशाच्या, ड्युट्या आहेत! निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, एका मुक्कामावरून दुसऱ्यावर न्यायचा तर कोणी काय उचलायचं. कहाथी लोकांनी पवित्र पात्रं खांद्यावरून न्यायची, पण ती याजक (पुरोहित) अहरोनाने आणि त्याच्या मुलांनी झाकून दिल्यावरच, हात लावायचा नाही. गेर्षोन्यांनी पडदे. आणि मरारी वंशाकडे फळ्या, अडसर, खांब, उथळ्या, खुंट्या आणि दोर. तिथे लिहिलंय की त्यांनी वाहायच्या वस्तू नावं घेऊन नेमून द्याव्या. खुंट्यासुद्धा. हे वाचून मला रडू आलं, का ते नीट सांगता येत नाही. खुंटी उचलणाऱ्याचीही देवाने नोंद ठेवायला लावली.

मग पुढे आठव्या अध्यायाच्या शेवटी. लेवी पंचविसाव्या वर्षापासून सेवेला लागतील आणि पन्नास वर्षांचे झाले की त्यांनी त्या कामातून मोकळं व्हावं, पुढे ते काम करू नये. देवाचीच आज्ञा. कोणी नालायक ठरला म्हणून नाही, कोणी चुकला म्हणूनही नाही. फळ्या आणि खांब उचलायचं काम, गुडघ्यांचं काम, ते तरुणांनी करावं एवढंच. पण त्याला घरी जा असंही म्हटलेलं नाही. दर्शनमंडपात आपल्या भाऊबंदांबरोबर राहावं, त्यांना मदत करावी, राखण करावी, फक्त ते काम करू नये.

मी हे तीनदा वाचलं. म्हणजे खांब उचलणाऱ्या पोरांच्या शेजारी उभं राहायचं आणि हात मागे ठेवायचे. मला वाटतं उचलण्यापेक्षा हे अवघड असणार.

आणि मग आई आठवल्या. सासूबाई. हे काम त्यांचंच, त्यांनी माझ्याकडे दिलं. दिलं म्हणजे एका रविवारी मला हाताला धरून आत नेलं आणि स्वतः दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, काठी मांडीवर आडवी. त्यानंतर दर वेळी तिथेच. पेला तिरपा धर, आतून फडकं फिरव, हा राहिला बघ. मला तेव्हा नको व्हायचं ते. कधी एकदा बाहेर जाऊन बसतील असं वाटायचं. पण त्या आणखी एक करायच्या, ते आज इतक्या वर्षांनी समोर आलं. पेले मोजून झाले की म्हणायच्या, आज त्याने ट्रे पुढे जाऊ दिला, प्याला घेतला नाही, भावाशी काहीतरी झालंय, संध्याकाळी जाऊन येऊ. आणि आम्ही जायचो. नुसता चहा घेऊन यायचो, आई कधी विषय काढायच्या नाहीत, तिसऱ्या-चौथ्या खेपेला तोच काढायचा. आईंना कसं कळायचं कोणी घेतला नाही ते? कारण त्या बाकावर बसून बघायच्या. मी उपासना चालू असताना निम्मं लक्ष पातेल्यात, पाणी तापलं का, झाकण कुठे. इतकी वर्षं मी त्या लोकांच्या पेल्यांकडे बघितलं, त्यांच्या तोंडाकडे कमी बघितलं.

काम सोडताना आईंना कसं वाटलं ते मी विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नव्हतं. आता त्या नाहीत, आणि हे पण...

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय पण परत बघितला, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो. रुमाल कमरेला बांधला हे सगळ्यांना माहीत. त्यानंतर बाराव्या वचनात प्रभूने आपली वस्त्रं परत घातली आणि पुन्हा खाली बसला. मग सांगितलं, तुम्ही एकमेकांचे पाय धुवा. म्हणजे रुमाल त्याने सोडून ठेवला होता. पेत्राने, त्याच्या शिष्याने, तो उचलला की नाही, लगेच उचलला की उशिरा, काही लिहिलेलं नाही. मी आजवर ही गोष्ट ऐकताना नेहमी पाणी ओतणाऱ्या हातांशीच थांबायचे.

झोपते आता. अजून वाईट वाटतंय, पण दुपारच्यासारखं नाही.

शुक्रवार

सूनबाईंचा मेसेज आला, मावशी मनुका किती घ्यायच्या आणि साखर घालायची का. तिला घरी बोलावलं. फोनवर सांगता आलं असतं, पण आईंनी मला नुसतं सांगितलं नव्हतं, हातात फडकं दिलं होतं. ती आली तशी तिला उभं केलं गॅससमोर आणि मी खुर्चीत बसले. ती मनुका इतक्या नाजूकपणे कुस्करत होती की माझे हात शिवशिवायला लागले. उठले नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले. रस थोडा पातळ झाला, चालेल. डागाचं सांगितलं, तिने मोबाईलमध्ये लिहून घेतलं. जाताना म्हणाली मावशी तुम्ही धुताना कंटाळा नाही यायचा? मग तिला नावांचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली, मग म्हणाली मला सगळ्यांची नावं माहीत नाहीत हो, मी लग्न होऊन आले तेव्हापासून निम्म्यांना काका-काकूच म्हणते. तिला म्हटलं यादी करून देते, घरं पण सांगते.

रविवार, रात्री

बसले. मधल्या ओळीत, कडेला, जिथून दोन्ही बाजू दिसतात. कापड एका बाजूला जास्त लोंबत होतं, ते उपासना संपेपर्यंत मला दिसतच राहिलं. पेल्यांचा ट्रे माझ्या हातात आला तेव्हा क्षणभर भरलेले पेले नीट आहेत का तेच बघत होते, मग घेतला.

आणि मागून तिसऱ्या बाकावर एकाने ट्रे पुढे जाऊ दिला. तरुण आहे, घरातल्या सगळ्यांना आपण ओळखतो, नाव लिहीत नाही. शेजारी त्याची बायको बसली होती, तिनेही घेतला नाही. संध्याकाळी रिक्षाने जाऊन आले. जाताना सूनबाईंना फोन केला, येतेस का म्हणून. आली. त्यांच्याकडे काय बोलणं झालं ते इथे नाही लिहिणार. परत पुढच्या आठवड्यात जायचंय.

येताना रिक्षात सूनबाई म्हणाली की कमिटीत कोणीतरी वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या पेल्यांचं काढलंय, धुवायचा त्रास नको म्हणून. तिला स्वतःला ते पटत नाहीये पण नवीन आहे, बोलायचं कसं. तिला म्हटलं तू नको बोलूस, पाळकसाहेबांना मी उद्या सकाळीच फोन करते.