जुन्या गोव्याचा मनोरा फोनमध्ये कुठे उभा राहतो: जीपीएसच्या पारखीचे तीन दिवस

जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टिन चर्चचा एकच मनोरा उरला आहे आणि तोही अर्धा. जांभ्या दगडाचा, 46 मीटर उंच. पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना बाहेर काढल्यावर चर्च ओस पडले, 1842 साली छत कोसळले, 1931 साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा गेला. शाळेच्या सहली इथे येतात. मुले दोन मिनिटे मान वर करून बघतात आणि बसकडे वळतात. त्यांनी फोन वर धरावा आणि पडलेली भिंत तिच्या मूळ जागी उभी दिसावी, एवढ्यासाठी मी वर्षभर फावल्या वेळात एक छोटे एआर (कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर चित्र बसवणारे) ॲप करतो आहे.

पहिल्यांदा ते जागेवर नेऊन उघडले तेव्हा चर्च आभाळात लटकत होते. खऱ्या मनोऱ्याच्या बरेच वर आणि डावीकडे सरकलेले. त्या दिवशी फोंड्याला परत येताना ठरवले की चित्राला हात लावण्याआधी फोनला आपण कुठे आहोत हे किती कळते ते नीट मोजायचे.

माझा आतेभाऊ जमिनीच्या मोजणीचे काम करतो. त्याच्याकडे आरटीके रोव्हर, म्हणजे मोजणीचे अतिशय अचूक जीपीएस यंत्र आहे. सर्व्हे ऑफ इंडियाने देशभर कायमची संदर्भ केंद्रे उभी केली आहेत. त्यांच्याकडून मोबाइल नेटवर्कवरून दुरुस्ती येत राहते आणि मोकळ्यावर रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. हा खरा बिंदू. त्याच बिंदूवर काठीला फोन बांधायचा, दहा मिनिटे दर सेकंदाला नोंद घ्यायची, की सहाशे नोंदी मिळतात. असे तीन फोन होते: एक जुना, उपग्रहांच्या फक्त एल1 लहरी ऐकणारा, एक एल1 आणि एल5 या दोन्ही प्रकारच्या लहरी ऐकणारा, आणि एक आयफोन. वहीत आकडे लिहायला भाची. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता, पाऊस सरला होता, झाडे मात्र अजून गच्च होती.

पहिला दिवस पणजी-रायबंदर रस्त्यावर घालवला. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे आणि खारफुटी, डोक्यावर पूर्ण आकाश. हा बांध सतराव्या शतकातला. फोनला यापेक्षा सोपी जागा गोव्यात शोधून सापडणार नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. इथे जे मिळते ती तुमच्या फोनची सर्वोत्तम कामगिरी. आमचे तिन्ही फोन बहुतेक वेळ खऱ्या बिंदूपासून दोन ते पाच मीटरांत होते, आणि दोन लहरींच्या फोनच्या नोंदींचा गठ्ठा सर्वांत घट्ट होता.

नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती जे वर्तुळ दिसते त्याचा अर्थ इथेच समजून घ्या. अँड्रॉइड फोन "अचूकता 5 मीटर" म्हणतो तेव्हा खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता 68 टक्के असते. म्हणजे साधारण तीनातली एक नोंद वर्तुळाबाहेर जाणार आणि त्यात फोनचा काही दोष नाही. 95 टक्के खात्री हवी तर तो आकडा दीडपटीहून थोडा जास्त धरा, पाचाचे आठ. मी ॲपमध्ये पाच मीटर आले की चित्र दाखवायचे असे लिहून ठेवले होते. ती अट तिथेच रस्त्याच्या कडेला बसून काढली.

दुसरी गोष्ट उंचीची. नदी दोन पावलांवर आणि अँड्रॉइड फोन उंची उणे दाखवत होता, तीही साठ मीटरांहून खाली. भाची म्हणाली, "मामा, हा फोन बिघडलाय." फोन अगदी ठीक होता. जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, समुद्राच्या पातळीपासून नाही. भारताच्या दक्षिणेला गुरुत्वाकर्षणामुळे समुद्राची पातळी त्या लंबगोलाच्या खूप खाली खचलेली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हा खड्डा जगात सर्वांत खोल, सुमारे 106 मीटर. आपण त्याच्या उतारावर राहतो. मी मनोऱ्याची पायाची उंची नकाशातून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची घेतली होती आणि फोनची उंची लंबगोलापासूनची. चर्च आभाळात का लटकले याचे उत्तर मिळाले. आयफोन समुद्रसपाटीपासूनची उंची आपणहून देतो. अँड्रॉइडमध्ये ती सोय 14 व्या आवृत्तीपासून आली. युरोपातल्या कुणाचा नमुना प्रोग्राम उतरवून घेतला असेल तर आधी हे तपासा. तिथे लंबगोल आणि समुद्र यांतला फरक आपल्याइतका नाही आणि त्याचे चिन्हही उलटे, त्यामुळे त्यांची "थोडी दुरुस्ती" आपल्याकडे चालत नाही.

दुपारी रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत चढलो. नदीच्या मधोमध आकाश पूर्ण मोकळे, त्यामुळे जागा उत्तम मिळाली. होकायंत्र मात्र वेड्यासारखे फिरले. चहूबाजूंनी लोखंड, पायाखाली लोखंड. कठड्याजवळ फोन धरला तर दिशा वीस-तीस अंशांनी चुकत होती आणि दोन पावले आत सरकलो की वेगळीच चूक. एआरमध्ये दिशेची चूक जागेच्या चुकीहून जास्त बोचते, कारण ती अंतराबरोबर वाढते. दहा अंशांची चूक पन्नास मीटरवरच्या वस्तूला जवळजवळ नऊ मीटर बाजूला नेऊन ठेवते. जागेची चूक याच्या उलट वागते. पाच मीटरची चूक दहा मीटरवरच्या वस्तूला पंचवीसेक अंशांनी हलवते आणि शंभर मीटरवरच्या वस्तूला फक्त तीन अंशांनी. हे दोन हिशेब मी घरी गणितात केले होते, पण फेरीबोटीत उभे राहून पडद्यावर चोडणचा धक्का खऱ्या धक्क्यापासून खूप दूर दिसला तेव्हा ते अंगात मुरले. चाचणीला जाताना फोनचे चुंबक असलेले कव्हर काढून ठेवा. स्कूटरच्या होल्डरमध्ये अडकवलेला फोन तसाच घेऊन दिशा मोजू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीत फोंतेन्हास आणि मळा. रंगीत घरे, कौलारू उतरती छपरे, तीन-चार मीटर रुंदीच्या गल्ल्या आणि पश्चिमेला आल्तिन्हो टेकडी, जी अर्धे आकाशच खाऊन टाकते. पर्यटकांसाठी एआर करणाऱ्या प्रत्येकाला पहिली हीच जागा सुचते. माझे मत स्पष्ट आहे: निव्वळ जीपीएसवर इथे काही उभे करू नका. उपग्रहाकडून थेट येणारी लहर भिंतीमुळे अडते आणि समोरच्या भिंतीवर आपटून आलेली फोनला ऐकू येते. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो, म्हणून वळसा घेऊन आलेल्या लहरीचा तेवढा उशीर फोनला अंतर वाटतो. जुना फोन एका गल्लीत उभा असताना सलग दोन मिनिटे शेजारच्या गल्लीत असल्याचे ठामपणे सांगत होता आणि वर्तुळ लहानच दाखवत होता. दोन लहरींचा फोन बराच सावरला, कारण एल5 चा संकेत थेट लहर आणि परतलेली लहर वेगळी ओळखायला जास्त सोपा आहे. तरी तोही अधूनमधून सात-आठ मीटर सरकला. गल्ली चार मीटरची असताना आठ मीटर म्हणजे दुसऱ्याच्या परसात.

एका गोष्टीचा आनंद झाला. उपग्रहांच्या यादीत नाविक, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचे उपग्रह दिसत होते. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून फिरत राहतात, कधी डोक्यावर तर कधी क्षितिजाजवळ. नाविकचे सुमारे 36,000 किलोमीटरवर असतात आणि भारतावरून नजर हलवत नाहीत. त्यामुळे गल्लीत बाकीचे टेकडीआड गेले तरी यांतला एखादा वरून दिसत राहतो. पहिल्या पिढीचे नाविक उपग्रह एल5 आणि एस लहरींवरच बोलतात, म्हणून जुन्या फोनला ते ऐकूच येत नाहीत. 29 मे 2023 रोजी सोडलेला एनव्हीएस-01 हा एल1 वर बोलणारा पहिला. फोन विकत घेताना दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही. "जीपीएसटेस्ट" हे ॲप मोकळ्या जागी पाच मिनिटे चालवा, कोणते उपग्रह कोणत्या लहरीवर ऐकू येतात ते समोर दिसते.

संध्याकाळी घरी नोंदी पाहताना माझीच एक चूक सापडली. फोन पूर्ण स्थिर असताना पडद्यावरची वस्तू पाऊण मीटरच्या टप्प्यांत उडी मारत होती. दोष उपग्रहांचा नव्हता. त्रिमितीय चित्रे काढणारे इंजिन आकडे 32 बिटांत ठेवते. गोव्याचा रेखांश 73 च्या पुढे, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला 32 बिटांत दशांशानंतर पुरेशी जागा उरत नाही. त्याची सर्वांत लहान पायरी आपल्या अक्षांशावर सुमारे 80 सेंटिमीटरची पडते. रेखांश-अक्षांश 64 बिटांत ठेवा, जवळचा एक बिंदू शून्य माना, त्याच्यापासूनचे मीटर काढा आणि मगच इंजिनाच्या हाती द्या. यावर मी आधी तीन रविवार घालवले होते. तुमचे जाऊ नयेत.

तिसऱ्या दिवशी पहाटे मोलेमच्या बाजूने तांबडी सुर्ल. कदंबकालीन महादेवाचे देऊळ, काळ्या पाषाणाचे, भोवती भगवान महावीर अभयारण्याचे दाट रान. इथला अडसर वेगळा आहे. आम्हाला नेटवर्क मिळाले नाही, आणि नेटवर्क नसले की फोनला उपग्रहांच्या कक्षांची माहिती थेट उपग्रहाकडूनच, सेकंदाला 50 बिट या संथ गतीने घ्यावी लागते. एका उपग्रहाची माहिती यायला अर्धा मिनिट लागतो आणि ओल्या पानांखाली मध्येच संकेत तुटला की पुन्हा पहिल्यापासून. उपाय साधा: वाटेत मोकळ्या रस्त्यावर नेटवर्क असतानाच ॲप उघडा, जागा पक्की होऊ द्या आणि तसेच चालू ठेवून झाडीत शिरा. दुरुस्तीही नेटवर्कवरूनच येते, त्यामुळे आमचा रोव्हर इथे निकामी झाला आणि खरा बिंदू मिळाला नाही. म्हणून तांबडी सुर्लचे आकडे मी देत नाही. देवळाच्या पायऱ्यांवर तासभर बसलो, डबा खाल्ला आणि निघालो.

दुपारी जुने गोवे. काठी-तिकाटणे लावायचे असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधीच काढा. आम्ही काढली होती म्हणून वेळ वाचला. नोव्हेंबरच्या शेवटी नोव्हेना सुरू होतात आणि 3 डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त असते, त्या दिवसांत मोजणीला जाऊ नका, गर्दीत काठी सरळ राहणार नाही. परदेशातून येणाऱ्यांना एक सांगणे: उपग्रहावरून संदेश पाठवणारे खिशातले यंत्र सोबत आणू नका, परवान्याशिवाय ते बाळगणे आपल्याकडे गुन्हा आहे.

या अवशेषांत एक जुनी शोधकथा आहे आणि मला मार्ग तिनेच दाखवला. जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष इथे ठेवल्याची नोंद होती. जुन्या पोर्तुगीज लिखाणात जागा सांगितली होती ती खिडकीवरून: अमुक दालन, अमुक बाजूची दुसरी खिडकी. पडझडीतून ते दालन आणि ती खिडकी ओळखल्यावर 2005 साली अवशेष सापडले आणि 2021 साली जॉर्जियाला सुपूर्द झाले. आपल्याकडे पत्ता असाच सांगतात, वडाच्या डावीकडचे तिसरे घर. मी मात्र सगळा भार उपग्रहांवर टाकला होता.

आता ॲप असे चालते. जीपीएसचे काम फक्त माणसाला अंगणात आणून सोडण्याचे. पंधरा मीटरांच्या आत आलात की तो एक ठराविक जागा दाखवतो, जिथे आकाश मोकळे आहे आणि मनोरा साठेक मीटर लांब आहे, म्हणजे पाच मीटर इकडेतिकडे झाले तरी कोन पाच अंशांहून कमी हलतो. मग पडद्यावर उरलेल्या मनोऱ्याची पांढरी रेघ उमटते. फोन हळूहळू फिरवून ती रेघ खऱ्या दगडाच्या कडेवर बसवायची आणि बोट टेकवायचे. दिशा आणि उंची दोन्ही तिथेच पक्क्या होतात, पुढे फोन कॅमेऱ्यातून हालचाल धरून ठेवतो. उन्हात पडदा दिसत नाही, म्हणून चारनंतर जा आणि पॉवर बँक न्या. एआर चालू असताना फोन तापतो आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते.

भाचीने रेघ बसवली, बोट टेकवले आणि दर्शनी भिंत उभी राहिली. मनोऱ्याच्या डाव्या कडेला हातभर फट होती, ती मला दिसली, तिला नाही. ती बराच वेळ वर बघत होती. मग म्हणाली, "मामा, वरची घंटा कुठे गेली?" ती घंटा 1871 पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. आतेभावाने रोव्हर गाडीत ठेवता ठेवता विचारले, तिथल्या पायऱ्यांवर आकाश मोकळे आहे का. आहे. पुढच्या रविवारी तिथे.