विमानातलं सुबारू इंजिन तापत होतं, आणि माझे १४ आठवडे रेडिएटरची वाट बघण्यात गेले – माझा अनुभव

घरी बांधलेल्या विमानात गाडीचं इंजिन बसवलंय आणि ते तापतंय म्हणून मोठा रेडिएटर ऑर्डर करायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझा राग अजून गेलेला नाही.

मी टेक्सासमध्ये असतो. दोन सीटचं ऑल-मेटल किट (सुटे भाग आणून घरी जोडायचं विमान) साडेचार वर्षांत बांधलं आणि त्यात सुबारूचं ईए८१ टाकलं, म्हणजे ८० च्या दशकात त्यांच्या गाड्यांत यायचं ते १७८१ सीसीचं, रिडक्शन ड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करून प्रॉपेलरला देणारा गिअर) लावून. रजिस्ट्रेशन, इन्स्पेक्शन, पहिलं फ्लाइट सगळं नीट झालं. अडलं ते क्लाइंबमध्ये. ताशी ८० मैल वेगाने वर चढताना चौथ्या मिनिटाला कूलंट २३० फॅरनहाइट, नाक खाली घेऊन पॉवर कमी केली की परत खाली. ११० मैलांच्या क्रूझला, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, काही तक्रार नाही.

हँगरवर ज्याला विचारावं तो म्हणायचा रेडिएटर लहान पडतोय. मलाही पटलं. एका शॉपला जाड कोअरचा (आतल्या जाळीचा) मोठा रेडिएटर सांगितला, पूर्ण पैसे त्यांनी आधीच घेतले, तीन आठवडे म्हणाले, आणि फिटिंगची मापं घ्यायला जुना रेडिएटरही मागून घेतला. तो द्यायलाच नको होता, कारण तो गेला आणि विमान जमिनीला खिळलं. कधीही देऊ नका, मापं काढून पाठवा.

एप्रिल होता. बाबा सांगलीहून मार्चमध्येच सहा महिन्यांसाठी आले होते आणि पहिला पॅसेंजर तेच हे माझं कधीचं ठरलेलं. इंजिन-प्रॉपेलरची जोडी विमानासाठी सर्टिफाइड असेल तर टेस्ट फ्लाइंगचे २५ तास पुरतात, गाडीच्या इंजिनामुळे मला ४० होते, आणि ते संपेपर्यंत पॅसेंजर चालत नाही. माझे ११ झाले होते. म्हणजे हिशोबाने जूनमध्ये बाबा शेजारच्या सीटवर.

तीन आठवड्यांनी फोन केला तर कोअर आलेला नाही. पाचव्या आठवड्यात कोअर आला पण चुकीच्या मापाचा. मग वेल्डर सुट्टीवर. मग "शुक्रवारी नक्की", आणि शुक्रवारी फोनच उचलत नाहीत. दर शनिवारी बाबा आणि मी हँगरला जायचो, ते विमान पुसून काढायचे, मी उगाच वायरिंग तपासत बसायचो, आणि परत येताना गाडीत दोघंही गप्प. वाईट याचं वाटतं की त्या शॉपने एकदाही विचारलं नाही की रेडिएटरमधून हवा किती जातेय. मीही स्वतःला विचारलं नाही. १४ आठवड्यांनी, जुलैच्या अखेरीला रेडिएटर आला, बसवला, उडालो, आणि क्लाइंबमध्ये २३५. आधीपेक्षा पाच डिग्री जास्त! उतरल्यावर मी विमानातून बराच वेळ बाहेरच आलो नाही.

त्या रात्री बाबांना समजावून सांगत होतो की रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा दाब मोजायला हवा, यू आकाराची पाण्याची नळी लागते. बाबा म्हणाले, ही तर आपली लेव्हलची नळी. त्यांनी आयुष्यभर बांधकामाची कामं घेतलीत. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, पाण्यात खायचा लाल रंग टाकला, आणि बुडबुडे कसे काढायचे ते त्यांनी दाखवलं, नळीत एक बुडबुडा राहिला तरी लेव्हल खोटी येते. नळीची तोंडं वाऱ्याच्या झोताला उघडी ठेवू नका, टोक बंद करून बाजूला बारीक भोकं पाडा.

८० मैलांना समोरून येणाऱ्या हवेचा दाब पाण्याच्या फक्त ३ इंचांएवढा असतो. ११० ला तोच साधारण ६. म्हणजे क्लाइंबला पॉवर पूर्ण आणि हवेचा जोर निम्मा, म्हणून तापायचं ते तिथेच. आणि त्या ३ इंचांपैकी माझ्या रेडिएटरच्या आरपार किती? अर्धा इंच. रेडिएटरच्या कडेने बोटभर फटी होत्या, हवा त्यातून निसटत होती, आणि जी आत जायची तिला काऊलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) खालून बाहेर पडायला जागा नव्हती. जाड कोअरने अडथळा अजून वाढवला.

हे सुधारायला ऑगस्टचे तीन वीकेंड लागले. फटी सिलिकॉन रबरच्या पट्ट्यांनी बंद केल्या, हवा आत येते त्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत हळूहळू रुंद होत जाणारा अल्युमिनियमचा डक्ट केला (एकदम रुंद केला तर हवा भिंत सोडते आणि आतच घुमत राहते), आणि बाहेर पडायच्या फटीच्या पुढच्या कडेला दीड इंचाची खाली वळलेली पट्टी लावली, तिच्यामागे दाब कमी होतो आणि हवा ओढली जाते. मग शॉपकडून परत आलेला जुना रेडिएटरच बसवला. नळीत १.८ इंच, क्लाइंबमध्ये २०५. नवीन रेडिएटर खोक्यात पडून आहे.

हो, एक सांगायचं राहिलं. रेडिएटरच्या इन आणि आउट दोन्हीकडे सेन्सर लावा. इंजिन तापलेलं असताना दोन्हींतला फरक मोठा असेल तर पाणी कमी फिरतंय, पंप, थर्मोस्टॅट बघा. फरक छोटा असेल तर हवा कमी पडतेय. माझा फरक ८ डिग्री होता, रेडिएटर शॉपला द्यायच्या आधीपासून वहीत लिहिलेला, मी बघितलाच नाही. आणि सिस्टिमच्या सगळ्यात उंच जागेवर हवा काढायची सोय ठेवा, सेन्सर हवेच्या खिशात अडकला तर इंजिन उकळत असतानाही काटा कमी दाखवतो.

बाबा सप्टेंबरमध्ये परत गेले, तेव्हा माझे ३३ तास झाले होते. ४० ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी पूर्ण झाले, उतरल्यावर हँगरमधूनच त्यांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी पहिलं विचारलं, नळी काढलीस का? नाही काढली, अजून आहे.