बालवाचकांची पत्रे

ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी बालवाचकांना लिहिलेल्या पत्रांचा, १९८५ साली प्रसिद्ध झालेला संग्रह आज वाचून संपवला. ‘नार्निया’ या काल्पनिक जगाच्या गोष्टी सांगणाऱ्या त्यांच्या सात पुस्तकांवर जीव जडलेली मुले त्यांना पत्रांतून आपली आवड कळवत, शंका विचारत, आणि प्रत्येकाला उत्तर देणे हे आपले कर्तव्यच आहे, असे लुईस मानत. ही पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत यावरून एका अमेरिकन मुलाचा आईशी मतभेद झाला (मुलाला कथेतील घटनांचा क्रम हवा होता, आईला प्रकाशनाचा), तेव्हा १९५७ साली लुईस यांनी त्याला कळवले की, मला तुझाच क्रम अधिक पटतो, पण बहुधा क्रमाला फारसे महत्त्व नसावे. (मला मात्र आईचेच म्हणणे पटते!) संध्याकाळी मीही माझ्या आवडत्या लेखिकेला पत्र लिहिले, त्यात स्तुती थोडी आणि शंकाच अधिक झाल्या.