म्रोझ डेटा: ०.०३७ कुठून येत होता ते सापडलं

सापडलं एकदाचं! म्रोझ डेटावर लॉजिट, म्हणजे बाई नोकरी करत असण्याची संभाव्यता सांगणारं मॉडेल, बसवतोय. त्याचे सगळे कोइफिशंट (चलांचे गुणक) पाठ्यपुस्तकाशी जुळले होते, हे मागच्या वेळी लिहिलंच होतं. डेटा असा: १९७५ सालच्या ७५३ विवाहित अमेरिकन स्त्रिया, त्यांतल्या ४२८ कमावत्या. शिक्षणाचा सरासरी मार्जिनल इफेक्ट, म्हणजे शिक्षण जरासं वाढलं तर दर वर्षामागे संभाव्यता सरासरी कितीने बदलते, तो ०.०३९; तोही जुळला. अडला तो फक्त अनुभव. यायला हवा ०.०२५, 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये येत होता ०.०३७.

तीन रविवार गेले त्यात. आधी वाटलं, सगळ्यांच्या परिणामांची सरासरी घेण्याऐवजी चुकून एकाच सरासरी व्यक्तीवर काढतोय. पण मग शिक्षणाचाही आकडा हलला असता. पॅकेज बदललं, तरी ०.०३७ जागचा हलेना. शेवटी हातानेच केलं: प्रत्येकीचा अनुभव ०.००१ वर्षाने वाढवला, संभाव्यता पुन्हा काढल्या, फरकाच्या सरासरीला ०.००१ ने भागलं. पुन्हा ०.०३७! आणि तिथेच उजेड पडला. अनुभव वाढवला होता, त्याच्या वर्गाचा (अनुभव × अनुभव) कॉलम मात्र तसाच होता. हा कॉलम डेटात तयारच मिळतो आणि मी तोच मॉडेलमध्ये घातला होता. सॉफ्टवेअरच्या लेखी तो वेगळा चल. अनुभवाबरोबर तोही वाढतो हे त्याला कळायला मार्ग नाही. वर्गाचा कोइफिशंट ऋण, त्यामुळे तो गोठवला की परिणाम फुगतो. फॉर्म्युल्यातच आय(एक्सपर^२) लिहिलं (एक्सपर म्हणजे अनुभव) आणि ०.०२५ आला. किती तरी वेळ नुसता बघत बसलो त्या आकड्याकडे.

कोइफिशंट दोन्ही पद्धतींत तेच येतात, म्हणून संशयच येत नाही. स्टाटा हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनो, तयार कॉलम नको, सी.एक्सपर##सी.एक्सपर असंच लिहा. मग मार्जिनल इफेक्ट काढणारी 'मार्जिन्स' कमांड बरोबर उत्तर देते. माझ्या मते स्टाटातली सगळ्यात विचारपूर्वक घडवलेली कमांड हीच.

आता डेल्टा मेथडचे स्टँडर्ड एरर, म्हणजे हे आकडे किती अनिश्चित आहेत ते, काढणार होतो. पण हे लिहिताना सहा वर्षांखालच्या मुलांचा चल खटकला. सरासरी ०.२४ मूल! अशा बाईवर उतार (मार्जिनल इफेक्ट) काढून काय हाती लागणार? शून्यावरून एक, एकावरून दोन असंच मोजायला हवं. पाठ्यपुस्तकातल्या प्रॉबिटमध्ये (लॉजिटच्याच जातीचं मॉडेल), बाकीचे चल सरासरीच्या आसपास धरून, पहिल्या मुलाने नोकरीची संभाव्यता ०.३३४ ने घटते, दुसऱ्याने ०.२५६ ने. रेषीय मॉडेल दोन्ही वेळा ०.२६२ च सांगतं, आणि तसंच मोजत गेलं तर चार मुलांची घट एकाच्याही वर जाते.

तेव्हा डेल्टा मेथड नंतर. आधी ७५३ जणींना एकेक करून शून्य, एक, दोन मुलं देऊन लॉजिटमधल्या फरकांची सरासरी काढतो.