सहा गोळ्या, पण कितीच्या?

"दादा, तोंड आलंय, लावायला काहीतरी द्या." माझ्या औषधाच्या दुकानात एक सून आली होती. तोंड आलं होतं तिच्या सासूबाईंचं, आठ दिवसांपासून, पाणी गिळतानाही आग होत होती. जेलची ट्यूब देऊन मोकळं होता येतं. पण वयस्कर माणसाचं तोंड इतके दिवस बरं होत नसेल, तर बाकी काय चालू आहे हे विचारल्याशिवाय मी ट्यूब काढत नाही. सून म्हणाली, "बीपीची गोळी आहे, आणि वाताची. ती आठवड्यातून एकदाच असते."

आमवाताला आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे बहुधा मेथोट्रेक्सेट. घरातली सगळी औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागवून घेतली.

चिठ्ठीवर 15 मिग्रॅ, आठवड्यातून एकदा, असं स्वच्छ लिहिलेलं. घरात मात्र सगळ्यांच्या डोक्यात होतं ते 'शनिवारी सहा गोळ्या'. आधीची स्ट्रिप 2.5 मिग्रॅची, म्हणजे सहा गोळ्यांचे बरोबर 15. या खेपेला दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून आणलेली स्ट्रिप 10 मिग्रॅची निघाली. गोळी तशीच पिवळी आणि छोटी. स्ट्रिप कात्रीने कापून दिलेली. तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं आणि कडेला '10' एवढंच उरलं होतं. गेले दोन शनिवार आजींच्या पोटात 60 मिग्रॅ जात होतं.

पिशवीत आणखी एक घोळ होता. गुडघ्यासाठी एक आणि कंबरेसाठी एक अशा दोन नावांच्या गोळ्या. दोन्हींत घटक तेच, ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. ॲसिक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, मग औषध आत साचत राहतं. संधिवाताचे डॉक्टर ही जोडी देतात, पण बेताच्या मात्रेत आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवून. इथे वेदनाशामक दुप्पट आणि मेथोट्रेक्सेट चौपट.

मेथोट्रेक्सेट पेशींना फोलेट (ब गटातलं जीवनसत्त्व, गोळीत ते फॉलिक ॲसिड म्हणून असतं) वापरू देत नाही, म्हणून भरभर वाढणाऱ्या पेशींना पहिला फटका बसतो: तोंडाचं अस्तर, आतडी आणि जिथे रक्तपेशी तयार होतात ती अस्थिमज्जा. तोंड आलं की पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही घसरत असतील असं धरूनच चालावं. जेल दिलंच नाही. ताप आहे का, अंगावर काळेनिळे डाग आहेत का, लघवी कमी झाली का, एवढं विचारलं, चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून स्ट्रिपसकट लगेच रुग्णालयात पाठवलं. तपासणीत दोन्ही पेशी कमी आणि क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलेलं. तिथे ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरचा उतारा, सुरू झालं. घरातल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जास्त खाऊन भागत नाही: फॉलिक ॲसिड कामाला लागायला जे एन्झाइम हवं, तेच मेथोट्रेक्सेटने अडवलेलं असतं. ल्युकोव्होरिनला त्या एन्झाइमची गरज पडत नाही.

आजी सावरल्या. घरच्यांनी मग खापर फोडलं स्वस्त कंपनीवर. ते मला पटत नाही. घटक तोच, ताकद तीच आणि दर्जा नीट असेल, तर कमी किमतीची गोळी खुशाल घ्यावी. फक्त तुलना स्ट्रिपच्या किमतीची नको, एका डोसची करावी. आणि पैसे देण्याआधी तीन गोष्टी जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहाव्यात: घटकाचं नाव, मिलिग्रॅम, घ्यायचा वार. रंग आणि आकार यांवर अजिबात विसंबू नये.

मेथोट्रेक्सेटची एकच ताकद घरात असावी, शक्यतो 2.5 मिग्रॅची. 15 मिग्रॅ डोस असेल तर चार आठवड्यांना 24 गोळ्या. त्याहून जास्त एका वेळी नेऊ नयेत. पाकिटावर 'शनिवारी, 2.5 मिग्रॅच्या 6, एकूण 15 मिग्रॅ, रोज नाही' असं पूर्ण लिहून घ्यावं. नुसतं 'सांगितल्याप्रमाणे' लिहिणारा दुकानदार बदलावा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही पुष्कळदा पिवळी आणि छोटीच असते. तिचा वार वेगळा ठरलेला असेल तर डबीही वेगळी ठेवावी. गोळ्या कुटू किंवा तोडू नयेत, आणि गरोदर बाईने त्यांना हातही लावू नये. त्या घरातल्या उरलेल्या 10 मिग्रॅच्या गोळ्या मी नष्ट करण्यासाठी परत मागवून घेतल्या.